टर्बोचा बूस्ट, गाडीचं ॲव्हरेज आणि माझे अडीच महिने

२०२२ मध्ये नानांची बायपास झाली आणि आमच्या एकुलत्या एका ट्रकचं सगळं माझ्या अंगावर आलं. भाडं ठरवणं, डिझेलचा हिशोब, टायर, विमा, फिटनेस, सगळंच. गाडी चालवतात आप्पा, वीस वर्षं नानांबरोबर काढलेले. गाडी दहा टायरी, २०१२ची, बीएस-३ (धुराच्या सरकारी निकषांचा जुना टप्पा). सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन, टर्बो आणि इंटरकूलरवालं (टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरतो, त्या दाबाला बूस्ट म्हणतात; इंटरकूलर ती हवा थंड करतो), आणि डिझेलचा पंप मेकॅनिकल. हे शेवटचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तशाच जुन्या गाड्यांना लागू आहे. नव्या बीएस-६ गाडीत डिझेल आणि बूस्ट दोन्ही कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे पाना घेऊन बसू नका.

आमची फेरी ठरलेली. पिंपळगाव नाहीतर लासलगावहून कांदा भरायचा, वाशीला उतरवायचा, येताना भिवंडीहून मिळेल तो माल नाशिकला आणायचा. येऊन-जाऊन चारशे ते साडेचारशे किलोमीटर. म्हणजे भरल्या गाडीने कसारा घाट चढणं प्रत्येक फेरीत आलंच.

८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली. भाव पडले, पाठोपाठ भाडीही पडली. तेव्हा मी डिझेलची वही काटेकोर लिहायला घेतली. एकाच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा तिथेच गळ्यापर्यंत भरायची आणि भागायचं. नानांच्या जुन्या वहीत गाडी लिटरला ४.१ किलोमीटर देत होती. जानेवारीअखेर माझ्या वहीत ३.४ आलं. आधी मनात चोरीचाच विचार आला आणि आप्पांना तसं आडून विचारलंही. ते गप्प झाले. नंतर एवढंच म्हणाले, "ताई, पुढची फेरी माझ्याबरोबर या. घाटात गाडी बघा." मी गेले. लतिफवाडी सोडल्यावर गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि आरशात मागे नुसता काळा धूर. त्या प्रश्नाची माफी मी त्यांच्याकडे इगतपुरीला चहा घेताना मागितली.

६ फेब्रुवारीला गाडी ओळखीच्या एका गॅरेजला नेली. मिस्त्रींनी बॉनेटखाली पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "टर्बो ढिला पडलाय, बूस्ट वाढवून देतो." टर्बोच्या बाजूला एक गोल डबी असते, तिच्यातून एक सळी निघते. त्या सळीचा नट त्यांनी तीन फेरे आवळला. मग पंपावरचा एक स्क्रूही थोडा आत घेतला. ८०० रुपये. गाडीची ओढ लगेच वाढली, आप्पाही खूश झाले. मीही निश्चिंत झाले.

दोन आठवड्यांनी वहीत ३.२ आलं.

धूर आणखी वाढला होता आणि घाटात टेंपरेचरचा काटा पूर्वी कधी जात नव्हता तिथपर्यंत जायला लागला. पीयूसीची, म्हणजे धुराच्या प्रमाणपत्राची, मुदत २० एप्रिलपर्यंत होती, पण मी १२ मार्चलाच तपासायला नेली, काय येतं ते बघायला. हे सगळ्यांनी करावं असं मला वाटतं, मुदत संपायच्या दिवशी जाऊ नये. डिझेल गाडीचा धूर इंजिन गरम असताना, न्यूट्रलमध्ये पॅडल पूर्ण दाबून मोजतात. बीएस-४च्या आधीच्या गाड्यांना धुराच्या दाटपणाची मर्यादा २.४५ आहे. आमचा आकडा ३.१ आला. पीयूसीवाल्या मुलाने फी घेतली, १५० रुपये, आणि सांगितलं की नवं प्रमाणपत्र निघणार नाही. पीयूसीशिवाय गाडी चालवली तर कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. म्हणजे माझ्या हातात पाच आठवडे होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांची चिंता होतीच, पण त्याहून जास्त हे लागलं होतं की गाडीत नक्की काय बिघडलंय हे मला कळतच नव्हतं. सांगणारा जे सांगेल ते खरं धरायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

१३ मार्चला अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. तारीख मिळाली २१ची. तिथे गाडी दोन दिवस राहिली आणि कागद हातात आला: नवा टर्बो, मजुरीसकट ४६,००० रुपये. सळी ते हलवणार नाहीत, टर्बो पूर्णच बदलतात, असं सांगितलं. त्यांचा नियम असेल, मला राग आला नाही. पण "जुना टर्बो खराब आहे हे कशावरून?" याचं उत्तर मिळालं नाही. एक गोष्ट मात्र चांगली झाली. तिथल्या एका तरुण मुलाने सर्व्हिस मॅन्युअलचं एक पान दाखवलं, त्यात आमच्या इंजिनला पूर्ण लोडवर बूस्ट किती हवा याचा तक्ता होता. मी विचारून फोटो काढून घेतला. तो आकडा इथे मुद्दाम देत नाही. एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या मॉडेलना तो वेगळा असतो, आणि माझा आकडा तुमच्या गाडीला लावलात तर नुकसान होईल. तुमच्या इंजिनाच्या पाटीवरचा नंबर घेऊन त्या नंबरचाच तक्ता मागा.

घरी नानांना तो फोटो दाखवला. नानांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "आकडा आहे ना? मग आपल्या गाडीचा किती आहे ते आधी मोज."

दोन महिन्यांत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

बूस्ट गेज, म्हणजे बूस्ट दाखवणारा काटा, १,४५० रुपयांना मिळाला, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या पार्टवाल्याकडे. इंजिनाच्या इनटेकपासून डिझेल पंपापर्यंत एक बारीक नळी जाते, तिला मध्ये टी-जोड लावून नळी केबिनमध्ये घ्यायची आणि काटा डॅशबोर्डवर बसवायचा. आप्पांनी आणि मी मिळून २८ मार्चला तासाभरात बसवला. नळी गरम एक्झॉस्टला घासणार नाही एवढं बघा आणि सगळे जोड आवळा, कारण बूस्ट किती आहे ते पंपाला याच नळीतून कळतं, आणि तिथूनच हवा गळली तर पंपाला खोटा निरोप जातो.

रिकाम्या गाडीत उभ्या-उभ्या रेस करून बूस्ट कळत नाही. इंजिनावर ओझं पडलं तरच टर्बो पुरता फिरतो. म्हणून ३० मार्चला भिवंडीहून सोळा टन खत घेऊन येताना मी आप्पांच्या शेजारी वही घेऊन बसले. घाटातली पहिली लांब चढण, तिसरा गिअर, १८०० आरपीएम, पॅडल पूर्ण दाबलेलं, पंधरा सेकंद. काटा ०.८ बारवर थांबला (बार हे हवेच्या दाबाचं माप). पुन्हा पाहिलं, पुन्हा ०.८. तक्त्यापेक्षा बराच खाली. आणि हे सळी तीन फेरे आवळल्यानंतर!

मला पहिल्यांदा थोडं उमगलं. सळी आवळूनही बूस्ट नाही, म्हणजे टर्बो हवा देत असेल तरी ती मध्येच कुठेतरी जातेय.

१ एप्रिलला मी आधी आरटीओत गेले. सळी हलवणं, पंपाचं सेटिंग बदलणं कायद्यात बसतं का, हे मला पक्कं विचारायचं होतं. खिडकीवर दोन तास गेले, मग एका मोटार वाहन निरीक्षकांनी वेळ दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर तसा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड आहे. त्यांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं: "बिघडलेलं कंपनीच्या आकड्यावर आणताय, ती दुरुस्ती. आकड्याच्या पुढे नेलंत, तो बदल. बिलं जपून ठेवा." त्यासाठी अर्ज करायची गरज नाही म्हणाले. अर्धा दिवस गेला, पण मनावरचा भार उतरला.

२ एप्रिलला आप्पांच्या ओळखीच्या टायरवाल्याकडे हवेची गळती शोधली. टर्बोच्या तोंडाशी येणारा एअर क्लिनरचा पाइप काढायचा, तिथे घट्ट बूच बसवायचं, बुचाला टायरच्या व्हॉल्व्हसारखा व्हॉल्व्ह लावून दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमधून फक्त एक बार हवा सोडायची. रेग्युलेटरशिवाय हे करू नका. टायरवाल्याच्या टाकीत आठ-दहा बार असतात, बूच गोळीसारखं उडेल. समोर कोणी उभं राहू नये. मग साबणाचं पाणी मारत जायचं.

बुडबुड्यांची गरजच पडली नाही. फुस्स असा आवाज आला. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी होज, खालच्या अंगाने, क्लॅम्पच्या अगदी कडेला बोटभर फाटलेला. वरून बघितला तर धडधाकट. गाडी उभी असताना फट मिटलेली, दाब आला की उघडणारी. दुसरी गळती इंटरकूलरच्या दुसऱ्या टोकाला, तिथला क्लॅम्प ढिला होता. टायरवाल्या चाचांनी मला एक खूण दाखवली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: होजच्या जोडाजवळ तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसली की तिथून हवा गळते. टर्बोतून तेलाचा थोडा अंश हवेबरोबर येतोच, तो गळतीच्या जागी बाहेर पडतो आणि रस्त्याची धूळ त्याला धरते. ती खूण आमच्या होजवर कित्येक महिने असणार.

नवा होज २,३०० रुपये, चार चांगले बोल्टवाले क्लॅम्प प्रत्येकी १८०, तपासणीचे ३००. इंटरकूलर उतरवून आतून-बाहेरून धुवायचे १,२००. त्यात कांद्याच्या पापुद्र्यांचा थर निघाला.

माझं काम झालं असं वाटलं होतं. पण ४ एप्रिलला त्याच चढणीवर, तेवढ्याच मालावर काटा सरसर चढला आणि १.७ बार झाला. तक्त्याच्या बराच वर. आप्पांनी लगेच पाय उचलला, मीही ओरडलेच. फेब्रुवारीत आवळलेले ते तीन फेरे आता लागू पडले होते. गळती होती तोवर ते झाकलेले होते.

इथून पुढे आम्ही पॅडल अर्धंच दाबत घरी आलो, आणि ६ तारखेला मी पंप-नोझलचं (नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारं तोंड) काम करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी मला स्टुलावर बसवून सगळं समजावलं, तेव्हा अडीच महिन्यांचा गुंता सुटला. डिझेल इंजिनात ताकद ठरते ती डिझेल किती मारलं त्यावर. मारलेलं डिझेल पुरतं जळायला हवा लागते. हवा कमी पडली की न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन जातं, गाडी ओढत नाही, चालक आणखी पॅडल दाबतो. आमच्या ॲव्हरेजचं तेच झालं होतं. त्यावर पंपाचा स्क्रू आत घेतल्याने डिझेल आणखी वाढलं, हवा तेवढीच राहिली, म्हणून धूर आणि इंजिनाचा ताप दोन्ही वाढले. "अशाच गाड्यांचे पिस्टन वितळून माझ्याकडे येतात," काका म्हणाले.

मग मी विचारलं, हवा जास्त झाली तर चांगलंच नाही का? तर तसंही नाही. टर्बो एक्झॉस्टवर फिरतो. त्याला जास्त फिरवायचं तर एक्झॉस्ट अडतो, आणि ती अडवणूक पिस्टनलाच ढकलावी लागते, म्हणजे तिथेही डिझेल जातं. शिवाय टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, त्यापुढे ताणला तर बेअरिंग आणि पाती जातात. म्हणून डबी आणि सळी दिलेली असते. बूस्ट ठरलेल्या दाबावर पोचला की डबीतला पडदा सळी ढकलतो, टर्बोच्या गरम बाजूची एक झडप उघडते आणि जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून निघून जातो. सळी आखूड केली की झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो, लांब केली की उलट.

काकांनी सळी अंदाजाने फिरवली नाही. डबीला हातपंपाने हवा दिली, सळीच्या टोकाला डायल लावली आणि ती नेमकी किती दाबावर हलायला लागते ते पाहिलं. दाब धरून ठेवून पडदा फाटलेला नाही याचीही खात्री केली. मग एकेक फेरा सोडत गेले. तीन फेरे सोडल्यावर ती थोडी लवकर उघडत होती, बारा वर्षांत स्प्रिंग जरा मऊ झाली असावी, म्हणून अर्धा फेरा परत आवळला, लॉकनट घट्ट केला आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. नट पुढे कोणी हलवला तर ठिपका तुटलेला दिसेल. याचे ७०० रुपये. म्हणजे सगळ्या उपद्व्यापात बूस्टचं खरं 'ॲडजस्टमेंट' झालं ते मूळ जागेपासून फक्त अर्धा फेरा.

पंप आणि नोझल त्याच दिवशी उतरवले. इथे थांबावं लागलं. ९ तारखेला पाडवा, ११ला ईद, दुकानातली निम्मी मुलं गावाला. गाडी दारात उभी आणि कांद्याचे दिवस, रोज फोन येत होते, रोज नाही म्हणावं लागत होतं. १५ तारखेला पंप परत मिळाला. टेस्ट बेंचवर सहाही सिलिंडरना सारखं डिझेल जातं का ते बघून त्याचा छापील कागद दिला, नोझलचा दाब लावून दिला, सहापैकी दोन नोझल बदलले आणि स्क्रूला तार घालून सील केलं. जीएसटीसकट १३,४०० रुपये. हा कागद मागून घ्या, तोंडी "पंप ओके" वर समाधान मानू नका. आमच्या कागदावर आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी आहेत, आणि आधीच्यात दोन सिलिंडर इतरांपेक्षा खूपच जास्त डिझेल पीत होते.

१६ला घाटात काटा १.३ बार. तक्त्यात बसला. गाडी तिसऱ्या गिअरवरून खाली उतरली नाही आणि आरशात मागचा रस्ता दिसत होता. आप्पांनी खिडकीबाहेर डोकं काढून दोनदा पाहिलं.

१८ला पीयूसी. पुन्हा १५० रुपये. आकडा १.३. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मुदतीला दोन दिवस उरले होते. मी तिथेच बाकावर थोडा वेळ बसून राहिले.

एकूण खर्च असा झाला: पहिल्या मिस्त्रींचे ८०० धरून २१,१७० रुपये. गाडी उभी राहिली ती अकरा-बारा दिवस, त्याचं नुकसान वेगळं. ४ मेला निर्यात उघडली आणि फेऱ्या वाढल्या, तेव्हा मी सलग पाच टाक्या मोजल्या. सरासरी ४.० आली. जुनं ४.१ अजून नाही. यात टायरची हवाही आहे, कारण त्याच सुमारास आम्ही दर आठवड्याला थंड टायरवर हवा तपासायला लागलो, तेव्हा सगळं श्रेय टर्बोला देता येणार नाही. महिन्याला पाच हजार किलोमीटर धरले तर ३.३ला (३.४ आणि ३.२ यांच्या मधला आकडा) साधारण १,५१५ लिटर लागत होते, ४.०ला १,२५०. तेव्हा डिझेल नव्वद-एक्याण्णव रुपये होतं, म्हणजे महिन्याला चोवीस हजारांच्या आसपास फरक.

एक फायदा मला अपेक्षित नव्हता. काटा डॅशबोर्डवर राहिल्याने आप्पांची चालवण्याची पद्धत बदलली. सपाटीवर काटा अर्ध्या बारच्या खाली ठेवून गाडी नेतात, घोटीच्या टोलनंतर तर पॅडलला पाय नुसता टेकवलेला असतो. काटा वर गेला की डिझेल जास्त जातंय हे त्यांना दिसतं, मला सांगावं लागत नाही.

माझ्यासारखं कोणी या वाटेने निघालं असेल त्यांना क्रम एवढाच सांगते: आधी काटा, मग गळती, मग एअर क्लिनर आणि इंटरकूलर, मग पंप-नोझल, आणि सळीला हात अगदी शेवटी, तोही तक्ता समोर ठेवून. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच चढणीवर, तेवढ्याच मालावर पुन्हा मोजा. गरम टर्बोजवळ हात घालू नका, घाटातून आल्यावर पाऊण तास तरी जाऊ द्या. नवे क्लॅम्प हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, आमचे दोन ढिले निघालेच.

फाटलेला होज मी टाकला नाही. तो केबिनमध्ये सीटमागे आहे. कोणी नवा क्लीनर आला की आप्पा तो काढून उलटा करतात आणि फट कुठे आहे ते त्याला बोटाने शोधायला लावतात. नाना आता घाटातल्या फेरीच्या रात्री फोन लावतात. आधी विचारतात आप्पा जेवले का, आणि मग, "काटा किती होता?"